खुब्याच्या ऑपरेशननंतरची वेदनाशामक औषधं: घरच्यांनी रोज काय बघायचं

ऐंशीच्या घरातल्या माणसाचा खुबा मोडला की सगळ्या घराचा जीव ऑपरेशनमध्ये अडकतो. ऑपरेशन पार पडतं, बॉल बदलला जातो किंवा रॉड बसतो, पेशंट दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो, आठवडाभरात घरी येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आजी दिवसभर झोपून राहतात, जेवता जेवता त्यांचे डोळे मिटतात. आजोबा रात्री दोन वाजता 'गुरं सुटली, बांधा' म्हणत उठू पाहतात. कुणाला पाच दिवस संडास झालेली नसते, कुणी दोन घास खाऊन उलटी करतं. भेटायला आलेलं कुणीतरी म्हणतं, 'वय झालंय, त्यात एवढं मोठं ऑपरेशन. चालायचंच.'

मला हे 'चालायचंच' अजिबात मान्य नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वयस्कर माणसात जे काही नवीन दिसेल, त्याचं खापर वयावर फोडण्याआधी औषधांची पिशवी उघडून बघायची. अनेकदा कारण तिथेच असतं, आणि ते वेळेवर सापडलं तर डॉक्टरांना औषध बदलून, मात्रा कमी करून ते दूर करता येतं.

याचा अर्थ वेदनाशामकं बंद करायची असा मुळीच नाही. दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, कूस बदलत नाही, उभा राहत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात गाठ होण्याचा धोका वाढतो, पाठीला जखमा होतात. न शमलेली वेदना मेंदूलाही गोंधळात टाकते. न्यूयॉर्कमध्ये खुबा मोडलेल्या वयस्कर पेशंटवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना मॉर्फिनसारखी औषधं फारच कमी दिली गेली त्यांच्यात भ्रम जास्त आढळला. म्हणजे गोळी टाळणं हाही धोकाच आहे. औषध द्यायचं, आणि दिल्यावर डोळे उघडे ठेवायचे.

तीच गोळी म्हाताऱ्या शरीरात वेगळी का वागते

वयाबरोबर शरीरातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचं आणि मूत्रपिंडाचं काम मंदावतं. औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. मेंदूही गुंगीच्या औषधांना जास्त संवेदनशील झालेला असतो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन १.० आलं तर रिपोर्टवर ते नॉर्मल छापलेलं असतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण वय, वजन आणि लिंग धरून औषधाची मात्रा ठरवण्यासाठी डॉक्टर जे गणित करतात, त्यात याच बाईंच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर येते. धडधाकट तरुणात ती १०० च्या आसपास असते. स्नायू कमी असल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, म्हणून आकडा चांगला दिसतो. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी एक प्रश्न नक्की विचारायचा: 'डॉक्टर, यांचं वय आणि वजन धरून किडनीचं काम किती आहे, आणि गोळ्यांची मात्रा त्याप्रमाणे आहे ना?' हा प्रश्न आगाऊपणाचा नाही.

पहिलं काम: सगळ्या औषधांची एकच यादी

घरी आल्या दिवशीच बसून हे करायचं. डिस्चार्ज कार्डावरची नवी औषधं आणि बीपी, शुगर, हृदय, झोप, प्रोस्टेट, मन यांची आधीपासूनची जुनी औषधं एका कागदावर उतरवायची. ब्रँडचं नाव पुरत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात घटकांची नावं आणि मिलिग्रॅम असतात, ती लिहायची. चष्मा लावून, मोबाइलवर फोटो मोठा करून, कसंही.

हे एवढं आग्रहाने सांगायचं कारण पॅरासिटामॉल. ते अनेक गोळ्यांत लपलेलं असतं. समजा, ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा आहे: २६०० मिलिग्रॅम झाले. सोबत ट्रॅमाडॉलची मिश्र गोळी तीन वेळा आहे, तिच्यात प्रत्येकी ३२५ असतं: आणखी ९७५. त्यात कुणीतरी मेडिकलमधून अंगदुखीची मिश्र गोळी आणली आणि ती दोनदा दिली: आणखी ६५०. एकूण ४२२५. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात, आणि कृश, ५० किलोच्या आतल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसासाठी डॉक्टर ती बरीच खाली आणतात. कुणीही चुकीचं काही केलेलं नाही, आणि तरी मर्यादा ओलांडली गेली.

यादी झाली की ती फॅमिली डॉक्टरांना दाखवायची आणि ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या पुढच्या भेटीलाही न्यायची. सर्जनला बीपीच्या गोळ्या माहीत नसतात, फॅमिली डॉक्टरांना नवी वेदनाशामकं माहीत नसतात. दोन्ही बाजू एकत्र दिसतात त्या फक्त तुमच्या कागदावर.

कोणत्या औषधाचं काय बघायचं

पॅरासिटामॉल हा उपचाराचा पाया. ठरलेल्या मात्रेत ते वयस्करांसाठी सर्वांत सुरक्षित आहे. दुखलं की मग द्यायचं असं न करता, डॉक्टरांनी सांगितलेल्या ठरावीक वेळांना नियमित दिलं तर ट्रॅमाडॉल, पॅच अशी पुढची जड औषधं कमी लागतात. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर मात्र रोजच्या पॅरासिटामॉलने त्याचा परिणाम वाढू शकतो. तपासणी जवळच्या तारखेला करून घ्यायला सांगतील.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, इटोरिकॉक्सिब या गटाबद्दल मी कडक बोलणार आहे, कारण आपल्याकडे या गोळ्या चणे-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात, बीपी वाढवतात, पायावर सूज आणतात, दुबळ्या हृदयावर ताण देतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि यातलं एखादं वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंड काही दिवसांत अचानक बसू शकतं. पेशंट पाणी कमी पीत असेल तर अजूनच लवकर. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०११ मध्ये खुबा मोडलेल्या पेशंटसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात पॅरासिटामॉल नियमित, गरजेनुसार अफूजन्य (मॉर्फिन, ट्रॅमाडॉलच्या कुळातली) औषधं आणि नस बधिर करण्याचं इंजेक्शन यांना जागा आहे; हा गट वापरू नये असंच सुचवलं आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो: 'सकाळी पँटोप्रॅझोल देतोय ना, मग काही होत नाही.' ती गोळी पोटाचं रक्षण करते. मूत्रपिंड आणि हृदय यांना तिचा काही उपयोग नाही. शिवाय खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात गाठ होऊ नये म्हणून महिनाभर रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटावरचं इंजेक्शन बरेचदा चालू असतं. त्याच्यावर हे वेदनाशामक पडलं की रक्तस्रावाची शक्यता वाढते. डॉक्टरांनी विचारपूर्वक दोन-चार दिवसांसाठी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. आपण होऊन मेडिकलमधून आणायचं नाही.

ट्रॅमाडॉल आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर सर्रास दिसतं, हल्ली टॅपेंटॅडॉलही. ही अफूच्या कुळातली औषधं. मळमळ, भोवळ, गुंगी, बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे त्रास. ट्रॅमाडॉलचे काही खास धोके वेगळे ध्यानात ठेवायचे. फिट येण्याची शक्यता वाढते. रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि पेशंट बीपीसाठी लघवीची गोळी घेत असेल तर जास्तच. मधुमेहाच्या माणसाची शुगर अचानक खाली येऊ शकते; घाम, थरथर, गोंधळ दिसला तर आधी ग्लुकोमीटर हातात घ्यायचा. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या मनाच्या गोळ्या किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक सोबत असेल तर अस्वस्थता, थरकाप, ताप, जोराची धडधड असा गंभीर त्रास होऊ शकतो. ७५ च्या पुढच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत, आणि मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून बरंच कमी, जास्त अंतराने.

त्वचेवर चिकटवायचा पॅच हा प्रकार घरच्यांना निरुपद्रवी वाटतो, कारण गोळी नाही, सुई नाही. पण त्यात बुप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिल असतं. बुप्रेनॉर्फिनचा पॅच सात दिवस राहतो, फेंटानिलचा ७२ तास. परिणाम हळूहळू चढतो आणि पॅच काढल्यावरही साधारण दिवसभर टिकतो. फेंटानिलचा पॅच पूर्वी अशी औषधं न घेतलेल्या माणसाला ऑपरेशनच्या ताज्या दुखण्यासाठी लावायचा नसतो. लिहून दिला असेल तर तो का दिला हे आधी विचारून घ्यायचं. आपल्या घरांत सगळ्यात मोठी भीती आहे ती शेकाची. पॅचवर गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, कढत पाण्याची अंघोळ, उन्हात बसणं, हे सगळं औषध भराभर आत ढकलतं. तापातही तसंच होतं. पॅचवर लावल्याची तारीख आणि वेळ लिहायची, नवा लावण्याआधी जुना काढलाय हे अंग तपासून बघायचं, जागा बदलायची. दिवसपाळीच्या मावशींनी लावला आणि रात्रपाळीच्या मावशींना माहीतच नाही, असं होता कामा नये.

प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन नसांच्या दुखण्यासाठी देतात. गुंगी, तोल जाणं, पायावर सूज. मूत्रपिंडातून बाहेर जातात, म्हणून वर केलेलं गणित इथे फार महत्त्वाचं. कधीकधी त्याच गोळीत नॉरट्रिप्टिलिन मिसळलेलं असतं. त्याने लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, भ्रम होतो.

आता या सगळ्यांच्या वर झोपेची गोळी. अल्प्राझोलॅम, क्लोनॅझेपॅम वर्षानुवर्षं घेणारे कितीतरी आजी-आजोबा आहेत. अफूजन्य औषधासोबत ती श्वास मंद करू शकते. पण अचानक तोडली तरी त्रास होतो. त्यामुळे 'ही झोपेची गोळी जुनी आहे' हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच आधी सांगितलेलं बरं. आजोबांचं रोजचं मद्यही सांगायचं, संकोच न करता.

रोजची वही

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक डोसची वेळ लिहायची आणि जड औषध देण्यापूर्वी दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, जाग. नावाने हाक मारली की डोळे उघडून नीट उत्तर देतात का? बोलता बोलता मध्येच झोपत असतील तर तो डोस देऊ नका, आधी फोन करा. गुंगी ही श्वास मंदावण्याच्या आधी येते. तीच तुमची पहिली सूचना.

दुसरी, श्वास. पेशंट शांत असताना छाती-पोट किती वेळा वर येतं हे घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचं. १० पेक्षा कमी असेल तर वाट बघायची नाही.

दुखणं विचारताना 'दुखतंय का?' एवढंच विचारू नका. आपली मोठी माणसं 'थोडंसं' म्हणून गप्प बसतात. पडल्यापडल्या किती, आणि पाय हलवताना किती, असं वेगवेगळं विचारायचं, शून्य ते दहामध्ये. पडून असताना दोन आणि उभं राहताना आठ असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ठेवली की फरक पडतो. फिजिओथेरपिस्टची वेळ आणि गोळीची वेळ यांची सांगड घालणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

उठवताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवायचं. चक्कर आली तर परत आडवं करायचं. बीपीचं यंत्र घरी असेल तर बसून आणि उभं राहून मोजलेले आकडे लिहून ठेवा. वेदनाशामकाने आणि बीपीच्या गोळीने मिळून आणलेली भोवळ दुसरा खुबा मोडायला पुरेशी असते.

पोट

याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्रास सर्वांत जास्त याचाच होतो. अफूजन्य औषधाची मळमळ, गुंगी काही दिवसांत शरीर सोसायला शिकतं. बद्धकोष्ठ मात्र औषध असेपर्यंत राहतं. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या डोसबरोबरच सुरू करून मागायचं. आतडं हलवणारं बिसाकोडिल किंवा सोनामुखी, मल मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, यांतलं काय आणि किती ते डॉक्टर ठरवतील. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, हे माहीत असलं की पहिल्याच दिवशी निराशा होत नाही.

इसबगोल आपल्याला सवयीचं, पण इथे जपून. ते पाणी शोषून फुगतं. पेशंट दिवसभरात दोन-तीन भांडी पाणी पीत असेल आणि आतडं औषधाने मंदावलेलं असेल, तर तो गोळा आतच बसतो. मनुका, पपई, भाज्यांचं सूप, ताक चालेल. किडनी किंवा हृदयासाठी पाण्यावर बंधन असेल तर किती पाणी ते विचारून.

उकिडवं बसणं बंद आहे, खासकरून बॉल बदलला असेल तर. उंच कमोड चेअर आणा आणि ती आडोशाला ठेवा. कितीतरी बायका सुनेसमोर, मावशींसमोर बेडपॅनवर संकोचाने आवरून धरतात. खोलीचं दार लोटून दिलं तरी फरक पडतो.

तीन दिवस काहीच झालं नाही की फोन करायचा. आणि एक फसवं लक्षण: चार-पाच दिवसांच्या बद्धकोष्ठानंतर अचानक पातळ संडास लागली, तर आत खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की प्रकरण चिघळतं.

लघवीचंही तसंच. नळी काढल्यानंतर सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ओटीपोट टणक लागतं, पेशंट तळमळतो, अशा वेळी दवाखाना गाठायचा. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हे जास्त.

बरळणं, आणि गप्प होणं

गेलेल्या माणसांशी बोलणं, पट्ट्या ओढणं, दिवस-रात्र न कळणं, हे सगळ्यांना दिसतं. भ्रमाचा दुसरा प्रकार मात्र सुटून जातो: माणूस शांत होतो, भिंतीकडे बघत पडतो, जेवत नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर. घरचे म्हणतात, 'आता त्रास देत नाहीत, बरं वाटतंय वाटतं.' हाही भ्रमच असतो, आणि तितकाच गंभीर.

मुलं परदेशात आणि आई-वडील पुण्यात किंवा नाशकात मावशींच्या भरवशावर, अशी घरं आता पुष्कळ आहेत. भ्रम संध्याकाळनंतर वाढतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल भारतातल्या संध्याकाळी करा, आणि 'जेवलीस का' याऐवजी 'आज वार कोणता, सकाळी कोण आलं होतं' असं बोलतं करा. कालपेक्षा आज वेगळी आहे हे मुलांच्या कानाला लगेच कळतं.

असं काही दिसलं की क्रमाने बघायचं: कालपासून कोणतं औषध नवीन आलं किंवा वाढलं? दुखणं शमलंय का? संडास, लघवी झाली का? ताप, खोकला, लघवीला जळजळ? शुगर किती? पाणी किती गेलं? ही उत्तरं हातात घेऊन डॉक्टरांना फोन केला तर ते लगेच दिशा ठरवू शकतात. सोडियमची तपासणीही बहुधा सांगतील. तोपर्यंत चष्मा लावा, कानाचं यंत्र घाला, दिवसा पडदे उघडा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. हातपाय बांधू नका.

एका त्रासावर दुसरं औषध, त्याच्या त्रासावर तिसरं, अशी साखळी सुरू होऊ देऊ नका. ट्रॅमाडॉलने उलटी, म्हणून ऑन्डान्सेट्रॉन, त्याने बद्धकोष्ठ अजून घट्ट. किंवा मेटोक्लोप्रामाइड, त्याने वयस्करांत हातपाय ताठरतात, गोंधळ वाढतो. खाज सुटली म्हणून गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी. प्रत्येक वेळी विचारा: मूळ औषधच कमी करता येईल का?

स्मृतिभ्रंश आधीपासून असेल तर पेशंट दुखणं सांगू शकत नाही. कपाळावरच्या आठ्या, श्वासाचा बदललेला आवाज, कण्हणं, मुठी आवळणं, पाय पोटाशी घेणं, समजूत घालूनही शांत न होणं, हीच त्यांची भाषा. आंघोळ घालताना मारायला धावतात, हा स्वभाव नसून दुखणं असू शकतं.

यात थांबायचं नाही

हलवूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला १० च्या खाली किंवा घोरण्यासारखा अडखळत चाललाय, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: पॅच असेल तर ओढून काढा, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे ही रुग्णवाहिका येते. काय आणि किती वाजता दिलं ते सांगा, वही सोबत न्या.

डांबरासारखी काळी संडास, रक्ताची उलटी, फिट, लघवी एकदम कमी होणं, यांसाठीही त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि गोळी वाढवून कधीही झाकायची नाही अशी दुखणी: ऑपरेशनच्या पायात अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून धाप लागणं, जखमेतून पू.

कमी करत आणताना

बहुतेकांत जड औषध आधी उतरवतात आणि पॅरासिटामॉल शेवटपर्यंत ठेवतात. दोन आठवड्यांहून जास्त ट्रॅमाडॉल चाललं असेल, किंवा प्रिगॅबालिन असेल, तर एका दिवसात तोडायचं नाही. घाम, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं. पायऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. दरम्यान बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, जखम कोरडी ठेवून, हा जुना उपाय अजून चांगलाच चालतो.

उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून शेजाऱ्यांची कंबर धरली की द्यायच्या नाहीत. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं आहे, ते उगाच नाही. वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा. वही मात्र फाइलमध्ये ठेवा. पुढे दुसऱ्या खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर कोणत्या औषधाने उलट्या झाल्या आणि कोणत्यावर बरळणं सुरू झालं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवता येतं.